अर्जात आईचं नाव नव्हतं

शिंगणापूर
३ जून १९४६

कानिफ,

पाकिटावर स्वतःचंच नाव लिहायची ही माझी पहिली वेळ. कानिफनाथ भिमाजी बोरुडे, मुक्काम राजूर, तालुका अकोले. लिहून झाल्यावर बराच वेळ त्याकडे बघत बसलो. पोस्टातल्या माणसाला वाटायचं, हा गडी स्वतःलाच पत्रं धाडतो. म्हणून खाली 'लंकाबाई यांचे चिरंजीव' असं जोडलं. गावात 'लंकाबाईचा कानिफ' म्हटलं की तू आणि 'राहीबाईचा कानिफ' म्हटलं की मी. अठरा वर्षांत कुणाची गफलत झाली नाही. परवा सोनईचा एक पाहुणा आबांना विचारत होता, एका बापाच्या दोन पोरांना एकच नाव कसं? आबांनी नेहमीची गोष्ट सांगितली. दोन बायका, दोघींनी मढीला एकाच नाथाला नवस केला, अकरा दिवसांच्या अंतराने दोघींना मुलगे झाले, आणि नाव सोडायला एकही तयार होईना. पाहुणा हसला, आबाही हसले. मला मात्र हसू आलं नाही.

तर कामाचं लिहितो. तुझा मॅट्रिकच्या मार्कांचा कागद सोबत आहे. शनिवारी चांदभाई पोस्टमनने आणून दिला. तू पास आहेस. गणितात सदतीस आहेत, एकूण शेकडा एक्केचाळीस. वाईट वाटून घेऊ नकोस. मला त्रेसष्ट मिळाले. माझं मलाच खरं वाटत नाही, तर तुला कुठून वाटणार.

आबांचं ठरलेलंच आहे. ज्याला मार्क जास्त तो पुण्याला कॉलेजात, दुसऱ्यानं मळा बघायचा. थोरल्या आईला ही अट कधी पटली नाही. एप्रिलमध्ये तुला घेऊन माहेरी निघताना ओसरीत उभी राहून ती आबांना म्हणाली होती, "पोरं हायती का शर्यतीची बैलं?" ते अजून माझ्या कानात आहे. पण आबा शब्दाचे पक्के, तुला माहीत आहे.

कागदावर वरच्या अंगाला शाई सांडली आहे, तेवढी माफी कर. दौत लवंडली. नेमकी बैठक नंबरावर सांडली, पण तिथं नुसता आकडा होता, दुसरं काही नाही. आपले दोन्ही नंबर पेपरात लागोपाठ छापून आले होते आणि दोघं पास झालो, एवढंच त्या दिवशी बघितलं. कुणाचा कोणता ते मला आता आठवतही नाही. तुला आठवतो का? हॉल तिकीट तर माझं कुठं गेलं, देव जाणे. तूही टाकून दिलं असशील. आता कुणाला लागतंय ते.

उन्हं फार आहेत, इतक्यात इकडे येऊ नकोस. मी अर्ज भरायला घेतला आहे.

कानिफनाथ भिमाजी बोरुडे


शिंगणापूर
९ जून १९४६

कानिफ,

तुझं उत्तर नाही. राजूरचं टपाल डोंगरातून येतं, उशीर होणारच. तरी रोज चांदभाईच्या सायकलची घंटा ऐकली की मी आधी गोठ्यात जातो आणि तो निघून गेल्यावर बाहेर येऊन विचारतो, काही आलं का. आई म्हणते, "पत्राची वाट बघतूस का पत्रापासून पळतूस?"

काल शनिवारी नगरला जाऊन आलो. अर्जासोबत मार्कांची खरी नक्कल लागते आणि तिच्यावर आपल्या हेडमास्तरांची सही. सकाळी सहालाच निघालो. घोडेगावच्या रस्त्याला लागून सर्व्हिस मोटर धरायची, एवढंच. ती वाट मी डोळे मिटून चालेन असं तू म्हणायचास. माळावरच्या वावराजवळ पोचलो आणि अशी वावटळ उठली की समोरचा बांध दिसेना. उपरणं तोंडाला बांधून चालत राहिलो. अर्धा तास, पाऊण तास. धूळ बसली तेव्हा बघतो तर काय, समोर देवाची शिळा. तेल घालायला आलेली चार माणसं माझ्याकडे बघत होती. मी निघालो होतो तिथंच परत आलो होतो.

आपल्या गावात काय बोलतात ते तुला सांगायला नको. इथं चोरी करणारा कितीही चालला तरी उजाडताना शिवेच्या आतच असतो. लहानपणी आपण ही गोष्ट ऐकून हसायचो. तू तर म्हणायचास, मग चोराला जेवायला तरी घालत असतील. काल मला हसू आलं नाही. मी तिथंच धुळीत बसलो. एक म्हातारी म्हणाली, "ऊन लागलं जनू पोराला." मी म्हणालो, हो, ऊन लागलं.

मी काही चोरलेलं नाही. हे तुला लिहितो ते अशासाठी की तुझ्या मनात भलतं काही येऊ नये.

दुसऱ्या मोटरीने गेलो. हेडमास्तर शाळेतच होते. अर्ज उलटसुलट बघितला, मग चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे बघितलं. "बोरुडे एक ना तू?"

तुला आठवतं, हजेरीत आपल्याला एक आणि दोन म्हणायचे. तू मोठा म्हणून एक. मी नुसती मान हलवली. कुठल्या बाजूला हलवली ते मलाच नीट सांगता येणार नाही.

"आणि दोन कुठंय?"

"गावी आहे, सर."

"गणितात चौऱ्याऐंशी. वा. दोनला जरा शिकवायचं होतंस की रे." आणि त्यांनी सही केली. शिक्का मारताना त्यांचा हात हवेत थांबला. तेवढ्या वेळात मला घाम फुटला, पाठीवरून ओघळ उतरले. पण ते शिक्क्यावर शाई कमी आहे का ते बघत होते. ठप्प वाजलं तेव्हा मी दचकलो. ते म्हणाले, "घाबरतोस काय, पास झालायस."

अर्ज नगरच्या पोस्टातूनच पुण्याला रवाना केला.

आता एक बारीकशी गोष्ट. मागच्या पत्रात चांदभाईने तुझा कागद आणून दिला असं लिहिलं होतं. आणले दोन. दोन लिफाफे, दोन्हींवर एकच नाव, एकच पत्ता. तो म्हणाला, "कुनाचा कंचा ते तुमीच बघा, मला काय कळंना." मी दोन्ही उघडले. जो आधी हाताला लागला तो माझा मानला. युनिव्हर्सिटीने आईचं नाव लिहिलं असतं तर हा घोळच झाला नसता. मी पुण्याचा अर्ज तीनदा वाचला. बापाचं नाव, बापाचा धंदा, जात, गाव, तालुका, मागच्या परीक्षेत मिळालेले गुण. आईचं नाव लिहायला कुठंच जागा नाही. मग माणसाने करायचं काय?

उत्तर दे. दोन ओळी लिही. शिव्या दिल्यास तरी चालेल.

कानिफनाथ


शिंगणापूर
१४ जून १९४६

कानिफ,

अक्षर वाकडं आलं तर समजून घे. एकाच डोळ्याने लिहितो आहे. दुसरा उघडत नाही.

मंगळवारी सकाळी जागा झालो आणि पापण्या उघडेनात. चिकटून बसल्या होत्या. क्षणभर मी हललो नाही. मग ओरडलो. असा ओरडलो की शेजारचा सहादेव हातातला तांब्या टाकून धावत आला. आपल्या घरांना दारं नाहीत त्याचा हा फायदा. आईने कोमट पाण्याने डोळे पुसले, एक उघडला, लालभडक. "डोळं आल्यात," ती म्हणाली. "साथ हाय. समद्या गावाला आल्यात." मी विचारलं, जातील तर नाहीत ना? "कुटं जात्यात? चार दिसांत बरं हुतील." तिला वाटलं मी नाटक करतो आहे. गावातल्या निम्म्या लोकांचे डोळे आले आहेत, पुजाऱ्याचेसुद्धा. देव एका माणसासाठी एवढ्या लोकांना कशाला शिक्षा करेल, असं मी स्वतःला समजावतो. आणि लगेच वाटतं, माझ्यामुळेच सगळ्यांना भोगावं लागतंय. आईने डोळ्यावर दुधाची पट्टी ठेवली की मी तिचा हात घट्ट धरून ठेवतो. अठरा वर्षांचा घोडा मी.

मला भीती वाटते, कानिफ. उगाच शब्द फिरवत बसत नाही. मला दिवसरात्र भीती वाटते.

सगळं सांगतो. दौत लवंडली नव्हती. दोन्ही लिफाफे मी गोठ्यात नेले, उघडले, दोन्ही कागद मांडीवर ठेवले. माझा नंबर मला तोंडपाठ होता, चार हजार तीनशे अठरा. तुझा सतरा. अठरा नंबराच्या कागदावर गणितात सदतीस होते आणि सतराच्या कागदावर चौऱ्याऐंशी. मी बैलांपुढं बसून ते आकडे किती वेळा वाचले, सांगता येत नाही. तेवढ्यात अंगणातून आबांचा आवाज आला, "कानिफ, आलं का रं मार्क?" आणि मी म्हणालो, "त्रेसष्ट." तोंडातून निघूनच गेलं. आबांनी मला मिठी मारली. आबांनी आजवर कधी कुणाला मिठी मारलेली मी बघितलेली नाही. त्यानंतर मी आत गेलो आणि अठरा या आकड्यावर काडीने शाई सोडली. एक थेंब, दोन थेंब. मग पसरवली. असा मी तुझा कागद माझ्याजवळ ठेवून घेतला आणि माझा तुला पाठवला.

आणि त्या सदतिसातलेसुद्धा दहाबारा तुझेच आहेत. गणिताच्या पेपराला शेवटच्या अर्ध्या तासात तू कागद थोडा तिरका धरलास. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. मी उतरवून घेतलं. नंतर आपण त्यावर एक शब्द बोललो नाही.

आज चांदभाई आला तेव्हा मी पट्टी बांधून ओट्यावर होतो, पळता आलं नाही. त्याने पुण्याच्या कॉलेजचं पत्र हातात दिलं आणि सायकल धरून तसाच उभा राहिला. "त्या दुसऱ्या लिफाफ्याचं काय झालं रं?"

"राजूरला पाठवला."

"कंचा पाठवला?" तो हसून म्हणाला. सहज म्हणाला. त्याच्या बोलण्यात काहीच नव्हतं. मी मात्र तो गेल्यावर गोठ्यात जाऊन बसलो.

पत्रात लिहिलं आहे, अर्ज विचारात घेतला आहे. सोमवार चोवीस जूनला सकाळी अकरा वाजता मूळ गुणपत्रक आणि परीक्षेचं हॉल तिकीट घेऊन समक्ष हजर राहावं, त्याशिवाय प्रवेश मिळणार नाही. आबांनी ते मला तीनदा वाचायला लावलं आणि दुपारीच शिंप्याकडे जाऊन माझ्यासाठी कोट टाकून आले.

हॉल तिकीट हरवलेलं नाही. तेही खोटं होतं. माझं तिकीट माझ्या पेटीत आहे आणि पेटीला मी कुलूप लावलं आहे. शिंगणापुरात कुलूप! नगरहून उपरण्यात गुंडाळून आणलं. आई रोज त्याच्याकडे बघते. तिकिटावर अठरा, कागदावर सतरा. प्रिन्सिपॉलने दोन्ही शेजारी ठेवले की माझं संपलं. पोलिसात देतात का रे असल्याला? का नुसतं हाकलून देतात? हाकललं तर गावात तोंड कसं दाखवू? ज्या गावात घराला दार नाही त्या गावात घरच्यानेच घरच्याचं चोरलं, असं लोक म्हणतील. आबा पुन्हा ओसरीत बसणार नाहीत.

मी तुझ्याकडे काही मागत नाही. तुला सांगितलं, एवढंच. सांगितल्याने भीती कमी होईल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही.

कानिफ


शिंगणापूर
२० जून १९४६

कानिफ,

हे पत्र टपालात टाकून उपयोग नाही, तुझ्या हातात पडेपर्यंत चोवीस तारीख उजाडेल. तरी लिहितो, कारण आज घरात कुणाशी बोलायची सोय नाही.

तुझं टपाल आलं. मोठं पाकीट होतं. चांदभाई म्हणाला, "राजूरचं हाय. वजन हाय त्यात काय तरी." मी ते घेऊन विहिरीवर गेलो. वाटलं, आत पोलिसाचा कागद असेल. तू हेडमास्तरांना लिहिलं असशील आणि त्याची नक्कल मला पाठवली असशील. मी पाकीट उघडायच्या आधी विहिरीत वाकून बघितलं. पाणी किती खोल आहे ते बघितलं. हे तुला सांगतो, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही.

आत शाई सांडलेला माझा कागद होता. त्याच्या घडीत तुझं हॉल तिकीट. नंबर चार हजार तीनशे सतरा. आणि तिकिटाच्या मागे तुझ्या अक्षरात एकच ओळ, 'हे तुला लागेल.'

शिवाय कापडाची एक पुरचुंडी. त्यात कुटलेला हिरडा. ही भुकटी तू पाठवलेली नाहीस. तुला कुठून सुचणार ते. रात्री पाण्यात भिजवून सकाळी त्या पाण्याने डोळे धुवायचे, हे लहानपणी थोरली आईच आपल्याला करायची. म्हणजे माझं पत्र तू तिला वाचून दाखवलंस. तिला वाचता येत नाही, तेव्हा तूच मोठ्याने वाचलं असणार. गोठा, शाई, आबांची मिठी, सगळं. आणि तिने सगळं ऐकून उठून हिरडा कुटला.

शिव्या आल्या असत्या तर मी झोपलो असतो, खरं सांगतो. आता मी पूर्ण सुरक्षित आहे. अर्जावर त्रेसष्ट, कागदावर सतरा, तिकिटावर सतरा, नाव तेच, बापाचं नाव तेच. मी सोमवारी प्रिन्सिपॉलसमोर ताठ मानेने उभा राहू शकतो, कुणी काही काढू शकणार नाही. सकाळी मला धरतील याची भीती होती. आता कधीच कुणी धरणार नाही, ही भीती आहे, आणि ती जास्त आहे. जन्मभर तुझं नाव लावून फिरायचं, आणि ते माझंच नाव असल्यामुळे कुणाला कधी कळणारही नाही.

तुला राग का येत नाही? का येतो, आणि तू मला अशी शिक्षा देतो आहेस?

तुझ्या तिकिटाकडे बघता बघता एक गोष्ट ध्यानात आली. अर्ज पुन्हा आठवून बघितला, ओळ न ओळ. नाव कानिफनाथ भिमाजी बोरुडे, खरं. बाप शेतकरी, खरं. गाव, तालुका, शाळा, खरं. मार्क त्रेसष्ट, गणितात चौऱ्याऐंशी, खरं. जन्मतारीख लिहिताना मी अडलो होतो, शेवटी शाळेतल्या बोरुडे एकच्या नोंदीशी जुळावी म्हणून तुझी लिहिली. म्हणजे अर्जात लबाडी नाहीच. तो सगळाच्या सगळा तुझा अर्ज आहे. त्यात खोटी आहे ती फक्त खालची सही.

डोळे धुतले. उतार पडतो आहे. आबांना सांगायला जातो. तोंडातून शब्द निघेल की नाही, सांगता येत नाही.


राजूर
२२ जून १९४६

कानिफ,

मी तुझ्या आजोळच्या ओट्यावर बसून हे लिहितो आहे. पेन्सिल समोरच्या किराणा दुकानातून आणली.

आबांना सांगितलं. परवा संध्याकाळी ते खुरपं घासत होते. मी म्हणालो, आबा, ते त्रेसष्ट माझे नाहीत. त्यांनी वर बघितलं नाही. "मंग कुनाचं?"

"लंकाबाईच्या कानिफचे."

खुरपं घासणं थांबलं. मला वाटलं, आता उठतील आणि मारतील. मारावं असं वाटत होतं. ते बसूनच राहिले. मग म्हणाले, "आन् म्या तुला पोटाशी धरलं." एवढंच. त्या रात्री जेवले नाहीत. आईही जेवली नाही. तिने पेटीचं कुलूप काढून मागच्या उकिरड्यात टाकलं.

काल पहाटे बघतो तर आबांनी गाडी जुंपलेली. घोडेगावपर्यंत स्वतः सोडायला आले. वाटेत बैलांशी बोलत होते, माझ्याशी नाही. मोटर आली तेव्हा शिंप्याकडून आणलेला कोट माझ्या हातात दिला. "त्येच्या अंगाला हुईल का बघ. तू जरा आडवा हायस. आन् त्येच्या आईला म्हनावं," आणि तिथं ते अडले. मोटर हॉर्न वाजवत होती. "म्हनावं, बैलं न्हाईत. पोरं हायती."

रात्र संगमनेरला काढली, आज दुपारी इथं पोचलो. आता पंचाईत झाली ती अशी की तुझं दार बंद आहे. आतून कडी आहे. बाहेर चपलांचे दोन जोड आहेत, म्हणजे तुम्ही दोघं घरात आहात. मी तीनदा हात वर केला आणि तीनदा खाली घेतला. मला दार वाजवता येत नाही. हसू नको. आपल्या गावात माणूस हाक मारत आत येतो. किती जोरात वाजवायचं, किती वेळा, वाजवून मागे सरायचं की तिथंच उभं राहायचं, मला काही माहीत नाही. तू इथं शिकला असशील. मग हाक मारायचं ठरवलं. पण हाक मारायची कुणाला? तोंडाशी माझंच नाव येतं. भर दुपारी परक्या गावात उभं राहून स्वतःच्या नावाने ओरडायची छाती झाली नाही. खरं सांगायचं तर तू दार उघडशील आणि माझ्याकडे बघशील, याची भीती वाटते. अर्ज, पोलीस, शिळा, डोळे, ह्या सगळ्याहून जास्त.

म्हणून ही पानं दाराखालून सरकवणार आहे. परवाचं पत्रही सोबत आहे, ते आधी वाच. कॉलेजचं बोलावणं, तुझा मार्कांचा कागद आणि तुझं तिकीट त्याच्याबरोबर आहे. सोमवारी अकराला तू हजर राहायचं. चार वाजता बाजारातून मोटर सुटते, ती धरली तर उद्या रात्रीपर्यंत पुण्याला पोचता येईल. सही तेवढी माझ्या हातची आहे. तिच्याबद्दल प्रिन्सिपॉलना मीच सांगणार, म्हणून मीही बरोबर येतो आहे. ते मला काय करतील ते करू देत. तू मध्ये पडू नकोस, तुझी मध्ये पडायची खोड मला माहीत आहे.

पानं आत सरकवली. थोडा वेळ काही झालं नाही. मग आतून कुणीतरी ओढून घेतली. शेवटचं पान थोडं अडकलं, तेही हळूच ओढलं.

हे नव्या पानावर लिहितो आहे. आत थोरली आई बोलते आहे. आवाज बारीक झाला आहे तिचा. "वाच की मोट्यानं," म्हणते आहे.

तू वाचतो आहेस. मला इथं ऐकू येतंय. विहिरीत वाकून बघितलं, ते तू आत्ता वाचलंस आणि थांबलास. थोरली आई काहीतरी म्हणाली, ते कळलं नाही. पुन्हा सुरू झालास. माझं वाक्य तुझ्या आवाजात ऐकायला फार भीती वाटते, पण मी उठून जात नाही. बसून आहे.

आता आबांवर आलास. "आन् म्या तुला पोटाशी धरलं." हे तू आबांसारखंच म्हणालास.

बैलांचं आलं. तू वाचायचा थांबलास.

हे पानही सरकवतो. याच्यापुढे माझ्याकडे कोरा कागद नाही, आणि सांगायचं राहिलंही नाही. या दोन पत्रांखाली सही करायची राहून गेली होती, ती आता करतो. मागच्या सगळ्या पत्रांखाली जे नाव लिहिलं ते दोघांचं होतं.

मी दाराशीच आहे.

राहीबाईचा कानिफ